हवाईयन लोकांची जमीन गेली ती १८४८ मध्ये की १८९३ मध्ये?

प्रश्न असा आहे: "हवाईला जाऊन आलो. गाइड म्हणाला, १८४८ साली राजानं स्वतःहून जमीन वाटली, रयतेला मालक केलं. दुसऱ्या दिवशी एका फलकावर वाचलं की १८९३ मध्ये अमेरिकेनं जमीन हिसकावली. नंतर कवाई बेटावर एका अवाढव्य खाजगी मालमत्तेच्या मधोमध अळूची दोन खाचरं आणि बाहेर 'कुलेआना' अशी पाटी दिसली. मग जमीन नक्की गेली कधी, नेली कुणी? आणि ती १८४८ ची वाटणी म्हणजे आपल्या कूळकायद्यासारखंच काही होतं का?"

गाइड निम्मा बरोबर आहे, फलकही निम्मा बरोबर आहे. घोळ होतो तो दोघं वेगवेगळ्या जमिनींबद्दल बोलतात म्हणून. जुने जमीन-दस्त वाचायला बसलं की 'कधी गेली' विचारायच्या आधी 'कुठली गेली' हे विचारायची सवय लावून घ्यावी लागते. हवाईत चार प्रकारच्या जमिनी चार वाटांनी गेल्या. एक, रयत कसत होती पण कागदावर कधी आलीच नाही ती. दुसरी, रयतेच्या नावावर चढली आणि मग निसटली ती. तिसरी सरदारांची. चौथी राजाची आणि सरकारची. १८९३ चा थेट संबंध फक्त चौथीशी आहे. कूळकायद्याशी तुलना जरूर करा, पण तिच्यातून साम्यापेक्षा फरकच जास्त कळतो. तिकडे वळायच्या आधी मुळात काय होतं ते पाहू.

हवाईत जमिनीचा एकक होता अहुपुआआ. डोंगरमाथ्यापासून समुद्रातल्या प्रवाळ-खडकापर्यंत उतरत आलेली पट्टी, बहुतेक वेळा एका ओढ्याच्या खोऱ्याएवढी. वर घराच्या वाशांचं लाकूड, मधे पाण्याखालची कालोची खाचरं, खाली कोरडवाहू उतारावर रताळी, किनाऱ्याला मासे. कालो म्हणजे आपला अळूच. आपण पानांचं फदफदं करतो, ते मुख्यतः कंद शिजवून, कुटून त्याची पोई करतात. खाचराला लोई म्हणतात आणि पाटाला आउवाई. कालोला पाणी वाहतं आणि थंड लागतं. साचून तापलं की कंद कुजतो. म्हणून पाणी वरच्या लोईतून खालच्या लोईत आणि शेवटी परत ओढ्यात सोडलं जाई. वरच्यानं पाणी अडवलं तर खालचा उपाशी. त्यामुळे पाळ्या ठरवणारा माणूस लागायचाच. तो कोनोहिकी, म्हणजे सरदाराचा कारभारी. सरदार म्हणजे अलीई, आणि रयत म्हणजे मकाआइनाना.

रयत सरदारासाठी ठराविक दिवस राबत असे, वाटा देत असे. पण ती जमिनीला बांधलेली नव्हती. कोनोहिकी जाचक निघाला तर बिऱ्हाड उचलून दुसऱ्या अहुपुआआत जाता येई, आणि माणसं गेली की सरदाराची खाचरं पडीक पडत. हाच त्याच्यावरचा खरा अंकुश. नवा राजा आला की तो सरदारांमध्ये जमिनी नव्यानं वाटत असे, पण कसणारा सहसा जागच्या जागी राही. १८४० च्या राज्यघटनेनं हीच समजूत लिहून ठेवली: जमीन पहिल्या कामेहामेहा राजाची होती, पण ती त्याची खाजगी मालमत्ता नव्हती, सरदार आणि प्रजा यांची ती सामाईक होती. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढचा सगळा हिशोब त्याच्यावर बसतो.

मग १८४८ चा राजा, तिसरा कामेहामेहा, यानं ही चाललेली व्यवस्था का मोडली? त्याला मिशनऱ्यांनी फसवलं, एवढं म्हणून हे प्रकरण मिटवण्याची पद्धत आहे. मला ती पटत नाही. त्याच्यासमोर तीन खरी संकटं होती. पहिलं, माणसं मरत होती. १७७८ मध्ये इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुक आला तेव्हाच्या लोकसंख्येचे अंदाज काही लाखांचे आहेत. १८३० च्या सुमारास मिशनऱ्यांनी केलेल्या गणतीत ती १ लाख ३० हजारांच्या आसपास भरली आणि १८५३ मध्ये ७० हजारांच्या घरात आली. दुसरं, चंदनाच्या व्यापारात सरदारांनी केलेली कर्जं. ती फेडायला १८२६ च्या अखेरीस प्रत्येक पुरुषावर अर्धा पिकुल (सुमारे ३० किलो) चंदन किंवा ४ स्पॅनिश डॉलर असा कर बसवला गेला. लोक चंदनासाठी रानात गेले आणि खाचरं ओस पडली. तिसरं संकट १८४३ चं. ब्रिटिश नौदलाचा लॉर्ड जॉर्ज पॉलेट आला आणि पाच महिने त्यानं राज्य ताब्यात ठेवलं. ३१ जुलैला ते परत मिळालं. सार्वभौमत्व एका जहाजापुढे टिकत नाही, हे राजाला तेव्हा दिसलं. त्या काळच्या आंतरराष्ट्रीय संकेतानुसार राज्य जिंकणारा सरकारी जमीन घेई, पण खाजगी मालकी सहसा मानत असे. म्हणजे उद्या कुणी बेटं घेतलीच, तर निदान नावावर असलेली जमीन हवाईयन लोकांच्या हातात राहील. सल्ला देणाऱ्यांचे हितसंबंध होते, यात शंका नाही. तरी हा विचार मूर्खपणाचा नव्हता. त्याची अंमलबजावणी मात्र रयतेच्या मुळावर आली.

ती समजून घ्यायची तर तारखांचा क्रम पाहावा लागतो. १० डिसेंबर १८४५ च्या कायद्यानं जमीन-हक्क ठरवणारं पाच जणांचं आयोग नेमलं. दावे दाखल करायची अंतिम तारीख ठरली १४ फेब्रुवारी १८४८. मुदत संपत असतानाच, २७ जानेवारी ते ७ मार्च १८४८ या काळात, राजा आणि सुमारे अडीचशे सरदार-कोनोहिकी यांच्यात वाटणी झाली. हीच 'माहेले'. शब्दाचा अर्थच वाटणी. एका वहीत समोरासमोरच्या पानांवर नोंदी: या पानावर राजाकडे राहणाऱ्या जमिनी, त्या पानावर सरदाराकडे जाणाऱ्या, खाली दोघांची संमती. ८ मार्चला राजानं स्वतःच्या वाट्याचेही दोन भाग केले: काही जमीन स्वतःकडे, जास्तीची सरकारला. हिशोब असा झाला: राजाकडे ९ लाख ८४ हजार एकर, सरकारकडे सुमारे १५ लाख, सरदारांकडे सुमारे १६ लाख.

या वहीत रयत कुठेच नाही. तिन्ही प्रकारच्या जमिनी 'रहिवाशांचे हक्क राखून' दिल्या, एवढाच तिचा उल्लेख. गाइडचं वाक्य इथे चुकतं. १८४८ ची वाटणी राजा आणि सरदार यांच्यातली होती. रयतेला पूर्ण मालकी देणारा कायदा झाला ६ ऑगस्ट १८५० ला. तोवर दावे दाखल करायची मुदत संपून अडीच वर्षं उलटली होती. ज्यानं फेब्रुवारी १८४८ पूर्वी दावा लिहून दिला नव्हता, त्याला १८५० च्या कायद्याचा काही उपयोग नव्हता. सरदारांचं तसं नाही. वाटणीच्या वहीत नाव असूनही आयोगाकडे न गेलेल्या कोनोहिकींसाठी १८६० मध्ये खास सवलतीचा कायदा झाला. रयतेतल्या उशीर झालेल्यांसाठी तसा दरवाजा पुन्हा उघडला नाही. आणखी एक तारीख: परदेशी माणसाला जमीन विकत घेऊन पूर्ण मालक होण्याची मुभा मिळाली १० जुलै १८५० ला. म्हणजे गिऱ्हाईक कसणाऱ्याच्या २७ दिवस आधीच दारात उभं होतं.

आता कूळकायदा. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ ला, कृषक दिनी, कुळानं जमीन खरेदी केली असं कायद्यानंच मानलं. किंमत ठरणं, ती भरणं, कज्जे, हे सगळं पुढे होतंच, पण सुरुवात कुळाच्या बाजूनं होती. हवाईत नेमकं उलटं. कसणाऱ्यानं मागायचं, सिद्ध करायचं, मोजणीचा खर्च सोसायचा. यातलं काही राहून गेलं तर जमीन आपोआप सरदाराच्या किंवा सरकारच्या वाट्यात धरली जायची. काहीच न करणाऱ्याचं काय होतं, हे बघितलं की जमिनीचा कुठलाही कायदा कुणाच्या बाजूचा आहे ते कळतं.

दाव्याची वाट अशी होती. आधी अर्ज: माझ्या अमुक लोई, कोरडवाहू तुकडा, घराची जागा, आणि चतुःसीमा. सीमा उत्तर-दक्षिण अशा क्वचितच असतात. 'माउका', म्हणजे डोंगराकडे, अमक्याची लोई, 'माकाई', म्हणजे समुद्राकडे, तमक्याचा पाट, अशा असतात. मग आयोगापुढे साक्षीदार आणून जबानी. साधारणपणे दोघे शेजारी लागत. मग मोजणी. मग निवाडा आणि त्याचा क्रमांक. शेवटी फी भरून रॉयल पेटंट, म्हणजे राजाची सनद. प्रत्येक पायरीवर माणसं गळाली. १८४८-४९ मध्ये गोवर, डांग्या खोकला आणि इन्फ्लुएन्झा यांनी सुमारे १० हजार माणसं मेली, १८५३ मध्ये देवीची साथ आली. दावेदार जिवंत पण साक्षीदार मेलेले, किंवा त्याच्याही उलट. अर्ज आहे, जबानी नाही. जबानी आहे, मोजणीदार पोचलाच नाही. अशा अर्धवट नोंदी ढिगानं सापडतात. हवाईयन लोक तोवर मोठ्या प्रमाणात साक्षर झाले होते, त्यामुळे 'अडाणी होते म्हणून फसले' हे कारण टिकत नाही. मोठा अडसर वेगळा होता. ज्या सरदाराच्या आश्रयानं घराणं पिढ्यान्‌पिढ्या राहिलं, त्याच्या जमिनीवर आपला दावा लावणं म्हणजे त्याच्याविरुद्ध उभं राहणं, असं अनेकांना वाटलं.

जे पोचले त्यांना काय मिळालं? १४ हजारांच्या आसपास दावे, त्यातले ८ हजारांहून थोडे जास्त मंजूर, एकूण जमीन सुमारे २८ हजार ६०० एकर. बेटांची सगळी जमीन साधारण ४१ लाख एकर. म्हणजे एक टक्काही नाही. सरासरी निवाडा साडेतीन एकरांच्या आसपास पडतो. हा आकडा इतका लहान का, याचं उत्तर १८५० च्या कायद्याच्या मजकुरातच आहे. प्रत्यक्ष लागवडीखालची तेवढीच जमीन. घराची जागा वेगळी असेल तर पाव एकराच्या, म्हणजे १० गुंठ्यांच्या, वर नाही. आणि क्षेत्र वाढवण्याच्या इराद्यानं ठिकठिकाणी केलेली दिसणारी लागवड धरायची नाही, पडीक तर नाहीच. ज्याच्या शेतीत चार लोई पेरलेल्या आणि दोन विसाव्याला सोडलेल्या असत, रताळ्याचा तुकडा दर काही वर्षांनी उतारावर सरकत असे, त्याच्या निम्म्या शेतीवर या वाक्यानं फुली पडते. वरचं रान आणि खालचा समुद्र तर बाहेरच राहिले. अहुपुआआ हे एक अख्खं शरीर होतं. कायद्यानं त्यातलं फक्त पोट मोजलं.

रान आणि पाण्यासाठी त्याच कायद्याच्या सातव्या कलमात सोय ठेवली होती: स्वतःच्या वापरापुरतं सरपण, घराचं लाकूड, दोरीचा काथ, छपराचं गवत, 'ती' नावाच्या झाडाची पानं, पिण्याचं आणि वाहतं पाणी, येण्या-जाण्याची वाट. विकायला काही नाही. चराई या यादीत नाही. ओआहू बेटावरच्या होनोउलिउलीत ओनी नावाच्या रयतेचे घोडे जमीन भाड्यानं घेतलेल्या जॉन मीक यांच्या बाजूनं कोंडवाड्यात गेले. ओनीनं दावा लावला की चराईचा वहिवाटीचा हक्क माझा आहे. १८५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फेटाळला: यादीत जे आहे तेच. घोडा-बैल चारायला जागा नसेल तर साडेतीन एकरांवर संसार कसा होणार, याचा विचार त्या निकालात शोधून सापडत नाही.

इथे एक सावधगिरी. हे सगळीकडे सारखं घडलं नाही. ओढ्याकाठच्या ओल्या खोऱ्यात लोईचे बांध स्पष्ट दिसतात, त्यामुळे दावा सिद्ध करणं सोपं. कोरड्या बाजूला, फिरत्या रताळ्याच्या शेतीत, 'प्रत्यक्ष लागवड' दाखवणं अवघड. कोनोहिकी समंजस असेल तर तोच साक्षीला उभा राहायचा, नसेल तर हरकत घ्यायचा. जवळपास मदत करणारा पाद्री किंवा शिक्षक होता का, मोजणीदार कोण होता, साथ कुठल्या महिन्यात आली, यावर शेजारशेजारच्या दोन खोऱ्यांचे निकाल वेगळे लागलेले दिसतात. म्हणून एका खोऱ्यावरून सबंध बेटांचा निष्कर्ष काढू नका.

आता दुसऱ्या प्रकारची जमीन: नावावर चढली आणि तरीही गेली. सरळ विक्री हे एक कारण. करासाठी रोख पैसा लागे, तो बंदरात किंवा मळ्यात मिळे, म्हणून तरुण माणसं गावातून निघाली. १८७५ च्या व्यापारी करारानं हवाईची साखर अमेरिकेत बिनजकात जाऊ लागली आणि उसाला पाणी हवं झालं. माउई बेटावर १८७६ ते १८७८ या काळात १७ मैलांचा हामाकुआ कालवा खोदून ओल्या बाजूचं पाणी कोरड्या बाजूला नेलं. खाली लोई कुणाच्याही नावावर असो, ओढा आटला की तो कागद कसता येत नाही. विकत घेणारा मळेवाला पाणी घेऊन येतो, विकणारा पाण्याविना बसलेला असतो. अशा सौद्याला राजीखुशीचा म्हणायचं का, हे तुम्हीच ठरवा. भरीला गुरं. इंग्रज दर्यावर्दी व्हँकुव्हरनं १७९३ मध्ये आणलेल्या गुरांची पैदास एवढी झाली की कुंपण नसलेली खाचरं तुडवली जात, आणि कुंपण घालणं बहुतेक छोट्या धारकांच्या आवाक्याबाहेर होतं.

त्याहून शांतपणे काम केलं ते कायद्यांनी. १८७० मध्ये प्रतिकूल कब्जाची मुदत २० वर्षं ठरली, १८९८ मध्ये ती १० वर आली. चारही बाजूंनी ऊस असलेला तुकडा मळ्यानं दहा वर्षं कसला की तो मळ्याचा. १८७४ च्या कायद्यानं गहाण जमीन कोर्टात न जाता विकता येऊ लागली. आणि वारसा तर होताच. मूळ धारक मेला, पाच मुलं, त्यांची वीस, त्यांची सत्तर. साडेतीन एकर सत्तर जणांत, न वाटलेला. यातल्या एकाचा हिस्सा बाहेरच्यानं विकत घेतला की तोही सहधारक, आणि सहधारकाला वाटप मागता येतं. तुकडा वाटण्याजोगा नाही म्हणून कोर्ट लिलाव सांगतं. लिलावात बोली कुणाची चढते ते वेगळं सांगायला नको. आपल्याकडे सातबाऱ्यावर पन्नास नावं असली की काय होतं, हे ज्यानं पाहिलंय त्याला हे लगेच समजेल.

तिसरी, सरदारांची जमीन. तिच्यावर सरकारचा एक-तृतीयांश हक्क होता. तो पैशानं किंवा जमीन परत देऊन फेडायचा. बहुतेकांनी जमीन दिली. उरलेली जुन्या देण्यापायी, नव्या कर्जापायी आणि निर्वंश होण्यापायी गेली. मोठा अपवाद एकच. १८८४ मध्ये वारलेली राजकन्या बर्नीस पौआही बिशप हिच्याकडे नातलगांच्या वारशातून साडेतीन लाख एकरांहून जास्त जमीन जमली होती. ती तिनं मृत्युपत्रानं शाळांसाठी ठेवली. कामेहामेहा स्कूल्स ही आजही तिथली सर्वांत मोठी खाजगी जमीनधारक संस्था आहे. सरकारी जमिनीचीही विक्री होत असे. अख्खं निइहाऊ बेट १८६४ मध्ये सिंक्लेअर कुटुंबाला १० हजार डॉलरना विकलं गेलं.

चौथी जमीन, जिच्याबद्दल तो फलक बोलत होता. राजाच्या जमिनी कर्जात चालल्या होत्या, म्हणून ३ जानेवारी १८६५ च्या कायद्यानं त्या अविक्रेय केल्या. भाडेपट्टा फार तर ३० वर्षांचा, उत्पन्न गादीवरच्या राजाचं. १७ जानेवारी १८९३ ला होनोलुलूतल्या बहुतांशी गोऱ्या व्यापारी-मळेवाल्यांच्या गटानं राणी लिलिउओकालानीला पदच्युत केलं. आदल्या दिवशी 'बोस्टन' या अमेरिकी युद्धनौकेवरून दीडशेहून अधिक सशस्त्र सैनिक उतरवले होते. १८९५ मध्ये त्या गटाच्या प्रजासत्ताकानं राजाच्या जमिनी सरकारी जमिनीत मिसळल्या. १८९७ मध्ये २१ हजारांहून अधिक हवाईयनांनी विलीनीकरणाविरुद्ध सह्या दिल्या. हवाईयन आणि मिश्रवंशीय मिळून तेव्हा सुमारे ४० हजार होते, म्हणजे निम्म्याहून थोडे जास्त. तरीही १८९८ मध्ये अमेरिकेनं बेटं घेतली, आणि सुमारे १८ लाख एकर जमीन मोबदल्याशिवाय तिच्याकडे गेली. माजी राणीनं राजाच्या जमिनींसाठी अमेरिकी न्यायालयात दावा लावला. १९१० मध्ये तो फेटाळला गेला. १९५९ मध्ये राज्याचा दर्जा देताना यातली बरीच जमीन राज्याकडे विश्वस्त म्हणून सोपवली. मूळ हवाईयनांची स्थिती सुधारणं हा तिच्या पाच उद्देशांपैकी एक आहे. १९९३ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं माफी मागितली. त्या ठरावानं एक गुंठाही परत दिला नाही.

'मालकी तर १८५० मध्येच त्यांच्याच कायद्यानं गेली होती, १८९३ चं काय घेऊन बसलात' असा युक्तिवाद तुम्हाला तिथे ऐकू येईल. तो का फसवा आहे ते आता दिसेल. १८४० च्या घटनेतली ती सामाईक मालकी आठवा. सरकारी आणि राजाच्या जमिनी 'रहिवाशांचे हक्क राखून' दिलेल्या होत्या. रयतेच्या नावावर एक टक्काही जमीन नसली तरी तिचा न मोजलेला वाटा या जमिनींत शिल्लक होता, आणि हवाईयन सरकार असेतोवर तो मागण्याची जागाही होती. १८९८ नंतर ती जागा गेली.

आता तुमची पाटी. कुलेआना या शब्दात हक्क आणि जबाबदारी दोन्ही येतात. बोलताना मात्र १८५० च्या कायद्यानं मिळालेल्या तुकड्यालाच कुलेआना म्हणतात. तुम्ही पाहिलेली खाचरं म्हणजे बहुधा त्या आठ हजारांतला एक निवाडा, भोवतालचा अहुपुआआ विकला गेला तरी न विकलेला. अशा तुकड्याला भोवतालच्या जमिनीतून वाट आणि पाणी मिळण्याचा हक्क आजही आहे. कवाईवरच २०१६ च्या अखेरीस मार्क झुकेरबर्ग यांच्याशी संबंधित कंपन्यांनी अशा तुकड्यांवरचे हक्क कोर्टातून निश्चित करून घेण्याचे दावे लावले होते. टीका झाल्यावर जानेवारी २०१७ मध्ये ते मागे घेतले. अशा दाव्यात सापडत नसलेल्या वारसांना वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीनं बोलावतात. मुदतीत कुणी आलं नाही की निकाल त्यांच्याविना लागतो. प्रतिकूल कब्जाची मुदत १९७३ पासून पुन्हा २० वर्षं आहे आणि १९७८ पासून तो ५ एकर किंवा त्याहून लहान तुकड्यावरच सांगता येतो. मोठ्या मळ्यांना आवरायला ही मर्यादा ठेवली खरी, पण सरासरी कुलेआना तिच्या आतच बसतो.

तुमच्या ओळखीतल्या कुणा हवाईयन कुटुंबाला आपला तुकडा शोधायचा असेल, तर सुरुवात आजच्या कर-नकाशाच्या क्रमांकापासून करावी. त्यावरून मूळ निवाड्याचा क्रमांक आणि 'आपाना', म्हणजे त्याच निवाड्यातला तुकडा, कळतो. एकाच निवाड्यात लोई एका जागी आणि घर मैलभर दूर असू शकतं. निवाड्याचा क्रमांक, सनदेचा क्रमांक आणि सरकारी जमीन विकत घेतल्याचा 'ग्रँट' क्रमांक हे तीन वेगळे. त्यांची गल्लत ही सर्वांत नेहमीची चूक. सनद सापडली नाही म्हणून घाबरू नये, अनेकांनी फी भरून ती काढलीच नाही, आणि कुलेआनासाठी निवाडा पुरतो. मग होनोलुलूच्या दस्त-नोंदणी कार्यालयात देणारा आणि घेणारा अशा दोन्ही सूचींतून एकेक दस्त पुढे आणायचा. अडचण नावांची येते. १८६० च्या कायद्यापर्यंत आडनाव नव्हतं. 'कामाका' नावाचे चार जण एकाच खोऱ्यात असू शकतात, तेच नाव कुठे क च्या जागी ट नं लिहिलेलं असतं, आणि बाप-लेकाच्या नावांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. म्हणून फक्त नावावर न जाता शेजाऱ्यांची नावं जुळवायची: माउकाला जो होता तो दुसऱ्याच्या जबानीतही तिथेच आहे का? 'हानाई', म्हणजे रीतीनं वाढवलेलं मूल, घरात वारस मानलं जाई, पण दत्तकाचा कागद नसेल तर कोर्टात नाही. साखळी तिथे हमखास तुटते.

जुन्या मोजणीत ६६ फुटी साखळी आणि चुंबकीय होकायंत्र वापरलं आहे. लोहयुक्त ज्वालामुखी खडकावर सुई भरकटते, आणि सगळ्या मोजण्या एका चौकटीत बसवणारा सरकारी सर्वेक्षण विभाग १८७० मध्ये सुरू झाला. त्यामुळे कोन आजच्या नकाशावर बसले नाहीत तर आधी जुना पाट शोधायचा. कागदावरची रेघ सरकलेली असते. दगडी बांधाची आउवाई बहुतेक वेळा होती तिथेच सापडते.